वंदनाचं फिरतं स्टूल

मंगळवार होता. चौथा तास संपला होता आणि मी स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. नागपूरच्या एका दवाखान्यातली नर्स बोलत होती. वंदना, माझी बायको, सकाळच्या गाडीनं नागपूरला गेली होती, दुकानासाठी स्क्रीन आणि बॅटऱ्या आणायला. बाजारातच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी नर्सला एकच गोष्ट विचारली. ती का विचारली ते आजही सांगता येत नाही. म्हटलं, माझा नंबर तुम्हाला कुठं मिळाला? ती म्हणाली, मॅडमचा फोन लॉक आहे, पण लॉक असतानाही नवऱ्याचं नाव आणि नंबर दिसेल, अशी सोय त्यांनी करून ठेवली आहे. तेवढंच दिसतं. बाकी काही नाही.

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर वंदनाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. सोळा वर्षं तिनं ते चालवलं. ती गेल्यावरच्या जलदान विधीला माणसं आली, जयभीम करून बसली, आणि चहाचा कप हातात आला की बोलायला लागली, "सर, ताईची ते गोष्ट मालूम हाये का तुम्हाले?" बऱ्याचशा मला माहीत नव्हत्या. घरातल्या माणसाचे किस्से बाहेरच जास्त साठत असतात. आपल्याला ते उशिरा मिळतात, आणि मग एकदम सगळेच मिळतात.

तिचा फोन आता माझ्या कपाटात आहे. कुलूपबंद. उघडायचा नंबर कुणालाच माहीत नाही. त्यात तिच्या आईच्या आवाजातली रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी आहेत. धानाच्या बांधीत उभं राहून वंदनानं ती रेकॉर्ड केली होती, आणि दोन गाण्यांत ती स्वतःही आईबरोबर गायली आहे. इंटरनेटवर किंवा दुसरीकडे कुठं त्यांची कॉपी नाही. आपल्या घरची वस्तू दुसऱ्याच्या घरी कायले ठेवाची, असं तिचं म्हणणं. आमच्या मुलीला, प्राचीला, आईचं बाकी काही नको होतं. तेवढी गाणी हवी होती. ती का मिळाली नाहीत, ते शेवटी सांगतो.

*

दुकानात एक फिरतं स्टूल होतं. गिऱ्हाइकानं फोन दिला की वंदना तो काउंटरवरच ठेवायची, म्हणायची, लॉक तुम्हीच उघडा, आणि स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करायची. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, चार्जरच्या वायरी लटकत होत्या. गिऱ्हाईक "झालं" म्हणेपर्यंत ती त्या वायरींकडे बघत बसायची.

स्टील प्लँटमधला एक फिटर घाईत होता. ड्यूटीची वेळ झालेली, मोटरसायकल चालूच ठेवलेली. तो म्हणाला, "ताई, फिरता कायले? चार आकडे हायेत, सांगून देतो. मले काई लाज नाही."

भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "मले हाये ना."

*

दुसरी पद्धत अशी की नवा फोन सुरू करून देताना कुठल्याही ॲपनं काहीही मागितलं, की ती मोठ्यानं विचारायची. याले तुमचे फोटो पाहिजेत, द्याचे का? याले तुमचं बोलनं आयकाचं हाये, आयकू द्याचं का? समोरच्या दुकानात हेच काम पाच मिनिटांत व्हायचं. तिच्याकडे तास लागायचा. त्यावरून माझी-तिची कुरबूर व्हायची.

एकदा माझाच नवा फोन होता. तिनं पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. पाचव्याला मी कंटाळलो. म्हटलं, सगळ्याला हो म्हणून टाक ना.

तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मले पाहाले आले होते तवाही असंच हो म्हनून टाकलं होतं का?"

त्यानंतर मी एकेक प्रश्न नीट ऐकला.

*

कोंढ्याचे एक शेतकरी मुलीकडे वरठीला आले होते. फोनची बॅटरी टिकत नाही, अशी तक्रार. त्यांनी कुठून तरी टॉर्चचं ॲप टाकून घेतलं होतं. वंदनानं त्यांना दाखवलं की या टॉर्चनं तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागितले होते आणि तुम्ही दिलेत.

म्हातारबांनी फोन उलटसुलट करून बघितला. "टॉर्चले माह्या सोयऱ्यायचे नंबर कायले पाहिजेत? बांधीत रात्री पानी पाहाले मी जातो, सोयरे नाही जात."

मग तिनं दाखवलं की टॉर्च तर फोनमध्ये मुळातच असतो, वेगळा घ्यावा लागत नाही. त्यांनी तो लावला, विझवला, पुन्हा लावला.

"मंग हा दुसरा इतके दिवस कोनाच्या घरी काम करत होता?"

*

जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. कॉलेजला जाणारी मुलगी, तिच्यासाठी नवा फोन. मुलीला बाहेर उभं करून त्यांनी हळूच सांगितलं की ती कुठं जाते ते मला दिसायला हवं, तसं काही तरी टाकून द्या, तिला कळता कामा नये. वंदनानं तिथूनच मुलीला हाक मारली आणि वडील काय मागताहेत ते तिच्यासमोर सांगितलं. गृहस्थ भडकले. फोन मी घेतला, म्हणाले.

वंदना म्हणाली, "वापरनार कोन? ते पोरगी. तिले चालत असंन तर टाका. पन मंग तुमच्याही फोनमधी टाकू. तुम्ही कुठं हायेत ते तिले दिसत राहीन."

मुलगी लगेच म्हणाली, मला चालेल. वडील आता नाही कसं म्हणणार? दोन्ही फोनमध्ये टाकलं.

आठ दिवसांनी गृहस्थ एकटेच आले. आपल्या फोनमधलं ते बंद कसं करायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

*

सगळेच किस्से तिच्या बाजूनं जात नाहीत. एक नवी नवरी आली होती, शेजारच्याच गावची. तिला पॅटर्न आठवत नव्हता. वंदना नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसली, आणि ती बिचारी मागं एकामागून एक चुकीचे पॅटर्न काढत राहिली. फोननं शेवटी आतलं सगळं पुसून टाकलं. लग्नाचे फोटो त्यात होते. पोरगी दुकानातच रडायला लागली. वंदना वळली असती तर तिला वेळेत थांबवता आलं असतं.

त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून स्कूटीवर त्या गावी गेली. लग्नाला कोण कोण होतं ते विचारत घरोघर फिरली. स्वतः कुणाच्या फोनला हात लावला नाही. ज्याचा फोन त्यानंच फोटो शोधायचे आणि पोरीला पाठवायचे. ती ओट्यावर बसून राहायची. दोन दिवस हे चाललं.

ती पोरगी आता लेकराची आई आहे. जलदानाला आली तेव्हा तिनंच मला सांगितलं, "सर, पयल्या फोटोत सारे ताठ उभे होते. ताईनं जमा केले त्याच्यात माहा नवरा हासून राहिला हाये."

*

शेवटचा किस्सा दुकानातला नाही.

नागपूरहून वंदनाला घरी आणलं त्या दुपारचा आहे. प्राची नुकतीच पोचली होती आणि आईजवळ जमिनीवर बसली होती. माणसं जमत होती. वंदनाचा भाऊ सुधाकर माझ्याजवळ आला. दवाखान्यातून मिळालेल्या वस्तूंची पिशवी त्याच्याकडे होती. त्यानं फोन बाहेर काढला. त्याच्याही आईचा आवाज त्यात होता, आणि ती माउली तीन वर्षांपूर्वी गेली आहे.

तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, नंबर तं कोनालेच मालूम नाही. तिचा आंगठा लावून घ्या. आता उघडंन. मंग कधीच नाही उघडनार."

सोळा वर्षं मी त्या स्टुलाची चेष्टाही केली होती आणि वर्गात मुलांना त्याच्या गोष्टीही सांगितल्या होत्या. मी प्राचीकडे बघितलं. तिनं ऐकलं होतं. गाणी तिला हवी होती, म्हणून म्हटलं, बेटा, तू सांग.

सुधाकरनं फोन तिच्यापुढे धरला. तिनं आईचा उजवा हात उचलला. आंगठ्यावर सोल्डरिंगचा जुना डाग होता, त्यावरून बोट फिरवलं.

मग ती म्हणाली, "मामा, झोपलेल्या मानसाचा हात धरून आपन असं केलं असतं का?"

सुधाकरनं फोन परत पिशवीत ठेवला. प्राचीनं आईची बोटं एकेक करून मिटली आणि ती मूठ दोन्ही हातांत धरून ठेवली. बाहेर तिला न्यायची गाडी येऊन थांबली.

आंगठा लावला नाही.