एकच दाणा

शाळेतून निवृत्त झाल्यावर सुचित्राबाईंनी एक उद्योग मागे लावून घेतला. श्रीगोंद्याच्या आसपासचे शेतकरी मोबाईलवर किड्यांचे फोटो पाठवतात, बाई ते ओळखून देतात. त्यातही त्यांचा जीव परोपजीवी गांधीलमाश्यांवर. मुंगीएवढ्या असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. अळीच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं अळीला आतून खातात. बाई हे चहा पिताना सांगतात. ऐकणारा कप खाली ठेवतो.

अट एकच. आकार कळावा म्हणून फोटोत किड्याशेजारी तांदळाचा दाणा हवा. नाणं चमकतं, ते चालत नाही.

त्या सकाळी छबूबाईंचा फोटो आला. मक्याचं पान, त्यावर लष्करी अळी आणि भोवती तांदूळ. हा मका म्हणजे त्यांच्या दोन गाभण गायींचा एवढाच हिरवा चारा. औषध मारलं तर बरेच दिवस गायींपुढे टाकता येणार नाही. न मारलं तर अळी खाणार. बाईंनी जड मनाने फोन करून सांगितलं, मारावं लागेल. नवरा गोरक्ष पंप पाठीवर घेऊन तयारच होता.

फोन ठेवता ठेवता बाईंनी थट्टा केली. "छबूबाई, एक दाणा पुरतो हो. अळीवर अक्षता टाकल्यात की काय?"

पलीकडून जरा दुखावलेला आवाज आला.

"म्या एकच ठिवलाय, बाई. तांदूळ काय उधळायला हायेत व्हय आमच्याकडं?"

बाईंनी फोटो मोठा केला. एक दाणा लांबट, तुकतुकीत. बाकीचे कणीएवढे, आणि त्यांच्यावर कापसासारखी लव. कोष होते ते. अळीतून बाहेर पडलेल्या माश्यांच्या पिल्लांनी विणलेले.

"अळीला काडी लावा. हलते?"

"न्हाई. मऊ पडलीय."

"मक्याच्या बाकीच्या ताटांवर बघा."

पानांची सळसळ झाली. बऱ्याच ताटांवर तेच होतं. छबूबाईंना ती अळीची अंडी वाटली होती.

"मग औषध नको. अळीचा बंदोबस्त आधीच झालाय. गोरक्षना थांबवा."

छबूबाईंनी "अवो" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. गोरक्ष पार पलीकडच्या बांधाला, पंपाची घरघर चालूच. शेजारच्या वावरातून मात्र दोघांनी ओ दिली.

"अहो, नावानं हाक मारा."

"बाई, कधी घेतलं न्हाई वो."

"थांबलात तर फवारा सुटेल."

मग फोनमधून असा आवाज आला की बाईंनी मोबाईल कानापासून लांब धरला. "गोरक्षऽऽ!"

घरघर थांबली. थोड्या वेळाने गोरक्षच फोनवर आला, दम लागलेला. "काय झालं, बाई? हिनं नाव घेतलं माझं. मला वाटलं गाय गेली."

पंप चालू झाला होता, पण नळी उघडायची होती; औषधाचा थेंबही पडला नव्हता. बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि गार झालेला चहा तसाच पिऊन टाकला.

संध्याकाळी फोटो आला. गाय मका खातेय, आणि गव्हाणीच्या कडेवर तांदळाचा एक दाणा.