न वाजलेलं फाटक

रोज दिवेलागणीला पार्बताबाई बागेच्या तोंडाशी जायच्या. पदर नीट करायच्या, उजवा हात पुढे करायच्या आणि कमरेच्या जरा वर, हवेतच, पालथा टेकवायच्या. क्षणभर तशाच उभ्या राहायच्या. मग वळून घरात यायच्या आणि दिवा लावायच्या.

त्या जागी फाटक नव्हतं. दोन दगडी खांब होते, एका खांबात बिजागरीचे गंजलेले खिळे होते आणि मधून सरळ सडक दिसायची. नव्या माणसाला वाटे, बाईंना कमी दिसतं, चाचपडताहेत. वस्तीतल्या लोकांना मात्र ठाऊक होतं की तो हात कशावर टेकतो. त्या वेळी आम्ही तिकडे बघत नसू.

अमरावतीला नाल्याच्या अंगाला ही वस्ती होती. घरं बहुतेक माळ्यांची, साधी, कौलारू. पण प्रत्येक घराला बाग. संत्र्याची चार झाडं, शेवंतीचे वाफे, विहिरीच्या काठाला कर्दळ. फुलं पहाटे खुडायची आणि अंबादेवीच्या देवळापाशी विकायची. बागा कुंपणाआड होत्या आणि त्यांत परक्याचं काही काम नसे. ते बदललं वामनराव मास्तरांनी. शाळेत चित्रकला शिकवणारे हे गृहस्थ बावन्न साली एकदा चावडीसमोर उभे राहून म्हणाले, "गाणं आयकाचं तं हॉलचा पास लागते. चित्र पाहाचं तं नागपूर. आपल्या बागा काय नुसत्या बकऱ्या हाकलाले ठेवल्या काय?"

त्यातून तो दिवस सुरू झाला. संक्रांतीनंतरच्या रविवारी ज्याला वाटेल त्याने सकाळीच आपल्या बागेचं फाटक बिजागरीवरून उचलायचं आणि भिंतीला टेकवून ठेवायचं. फाटक नुसतं उघडायचं नाही, काढूनच ठेवायचं. मास्तरांचं म्हणणं असं की उघड्या फाटकाशीसुद्धा माणूस थबकतो, येऊ का म्हणून विचारतो. फाटकच नसलं तर विचारायचं कुणाला? मग दुपारभर लोक या बागेतून त्या बागेत हिंडायचे. एकीकडे भजन, एकीकडे पेटी, एका विहिरीपाशी बायकांच्या ओव्या. संत्र्याच्या झाडांना दोऱ्या बांधून पोरांनी काढलेली चित्रं टांगलेली. लोक या दिवसाला फाटकउतरणी म्हणू लागले.

पार्बताबाईंचं फाटक पहिली काही वर्षं उतरलं नाही. कारण त्यांचे यजमान, देवीदासजी.

देवीदासजी हार गुंफायचे. लग्नसराईत अकोल्याहून लोक हारासाठी येत असं त्यांचं काम होतं. मग एका पावसाळ्यात ताप डोक्यात गेला. जीव वाचला, पण माणसांची नावं गेली, बाजाराची वाट गेली. कधी स्वतःच्या मुलीला, शकुनला, "कोनाची वं तू?" म्हणून विचारायचे. बोटं तेवढी विसरली नाहीत; दोरा दिला की हार होत राहायचा. आणि फाटक विसरलं नाही. रोज दिवेलागणीला ते बागेतून सावकाश चालत जायचे, फाटकाच्या वरच्या फळीवर पालथा हात टेकवायचे. फाटक कुरकुरायचं. ते वळून घरी यायचे. फाटकाशी त्यांचं जग संपत होतं. चुलीपाशी बसलेल्या पार्बताबाई तो आवाज ऐकला की तव्यावर भाकर टाकायच्या. त्यांना उठून बघावं लागत नसे. फाटक वाजलं म्हणजे ते परत फिरले.

त्या घरी मग कुणी फारसं येईना. आजारी माणसाच्या घरी काय बोलायचं, हा प्रश्नच असतो. सत्तावन्न साली शेवंती कधी नव्हे इतकी फुलली. पार्बताबाई स्वतः मास्तरांच्या ओट्यावर गेल्या.

"मास्तर, औंदा माहं बी फाटक उतरवा."

"अन् देवीदासजी?"

"ते सांजीले जातात. सांजीच्या आत लावून घेऊ. तुमी काहून भेता?"

"मी भेत नाई. मी इचारून राहिलो."

"मंग इचारलं ना? झालं."

तो रविवार अजून आठवणाऱ्यांना आठवतो. पार्बताबाईंच्या बागेत चटया टाकल्या होत्या. फाटक भिंतीला टेकलं होतं, त्याच्या बुडाशी जाईचा एक कोवळा वेल. दुपार कलली तशी नाल्यापलीकडच्या वस्तीतली माणसं आली. मागच्याच दसऱ्याला त्यांनी धर्म बदलला होता. तोवर ती या बागांतून निंदायला आणि पाणी द्यायला आली होती, बसायला नव्हे. पुढे होत्या चतुराबाई, हसऱ्या आणि जिभेच्या तिखट. मागे त्यांचा मुलगा जानराव, हातात डफ घेऊन. काही जण चटईवरून उठून शेजारच्या बागेत गेले. चतुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "बसा ना, बसा. जागा लय आहे. आता तं आनखीनच झाली."

पार्बताबाईंना हसू आलं. किती तरी दिवसांनी. त्या म्हणाल्या, "तू बस वं पहिले. खांबापाशी काहून उभी?"

"इथूनच बरं. सडक बी दिसते अन् गानं बी आयकू येते," असं म्हणत चतुराबाई खांबाला टेकून बसल्या.

जानराव गायला. नव्या वाटेचं, उजेडाचं गाणं होतं, त्याचं स्वतःचं. आवाज कच्चा होता, पण डफावर थाप पडली की झाडातले पक्षी उडत. गाणं संपलं. ऊन कुंपणावर चढलं होतं. मास्तर उठून फाटकाकडे निघाले, ते बसवायला. पार्बताबाई म्हणाल्या, "थांबा ना जराक. जानराव, अजून एक म्हन, बापा."

त्याने अजून एक म्हटलं.

गाणं चालू असताना दिवेलागण झाली. सगळे गाण्याकडे तोंड करून बसले होते. पार्बताबाईंचा कान नेहमीसारखा त्या एका आवाजाकडे लागला होता आणि आवाज आला नाही म्हणून त्या निवांत होत्या. फाटक वाजलं नाही म्हणजे ते अजून गेले नाहीत. इतक्या वर्षांची सवय. फाटक भिंतीला टेकलेलं आहे, ते वाजणारच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा जानरावचा डफ थांबला होता.

देवीदासजींना शेवटचं पाहिलं चतुराबाईंनी. ते खांबापर्यंत आले, हात टेकवला, हात हवेतून खाली गेला. जरा वेळ ते आपल्या हाताकडे पाहत राहिले. चतुराबाईंना त्यांच्या दुखण्याचं ठाऊक नव्हतं; वाटलं, घरचा माणूस फिरायला निघाला आहे. त्यांनी पाय आखडून वाट दिली. ते बाहेर गेले.

बागांतले सगळे कंदील घेऊन लोक नाल्याच्या दोन्ही काठांनी फिरले. बडनेऱ्याला माणूस पाठवला, बार्शीटाकळीला त्यांच्या बहिणीकडे निरोप गेला. शेजारच्या बागेत उठून गेलेल्यांपैकी एकजण म्हणाला, बाहेरची गर्दी आत घेतली की असंच होणार. पार्बताबाईंनी त्याला तिथेच गप्प केलं. "फाटक म्या उतरवलं. अजून एक म्हन, हे बी म्याच म्हटलं. दुसऱ्याचं नाव घेऊ नोको."

सकाळी मास्तर फाटक बसवायला आले तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या. "राहू द्या. ते ज्या वाटेनं गेले ते तशीच राहू द्या. आता फाटक दिसलं तं इथूनच वापस फिरतीन."

मास्तरांनी फाटक परत भिंतीला टेकवलं. फाटकाशी ते वळतात, हे खरंच होतं.

काही महिन्यांनी अकोटहून आलेला एक कापसाचा गाडीवान म्हणाला, तिकडे एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी एक माणूस रोज येऊन हात लावून जायचा, आता दिसत नाही. मग कुणी सांगितलं, अकोल्याला, स्टेशनमागच्या गल्लीत, घराघराच्या फाटकाला हात लावत गेलेला म्हातारा पाहिला. पार्बताबाई एस.टी.नं अकोल्याला गेल्या. सोबत चतुराबाई होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दोघी गल्ल्या हिंडल्या. परत आल्यावर चतुराबाई एवढंच सांगत, "हे पार्बता कोनालेच काही इचारे नाई. निरा प्रत्येक फाटकावर हात ठेवे अन् पुढं जाये. मी म्हटलं, अवं, लोक चोर म्हनतीन आपल्याले. तं मले म्हनते, फळी कुठं गुळगुळीत लागते का पाहून राहिली."

तेव्हापासून दिवेलागणीला हवेत टेकणारा त्यांचा तो हात. आधी मी लिहिला, तो.

मास्तर त्या वर्षी फाटकउतरणी बंद करायला निघाले होते. पार्बताबाईंनी ऐकलं नाही. "गानं चालू असतानी गेले. गानं आयकूनच येतीन. तुमी गानंच बंद केलं तं घर कसं सापडन त्याईले?" म्हणून दर वर्षी सगळ्या वस्तीत फाटकं उतरत, आणि त्यांच्याकडे उतरवायला काही नसताना त्यांच्या बागेत गाणं होई. जानराव दर वर्षी येई. तो सडकेकडे तोंड करून बसे आणि लोकांनाही मग पाठ सडकेकडे करून बसवेना. सगळी मैफल अर्धवट वळून बसलेली, असं ते दृश्य होतं.

साठ साली झालं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे. दोन गाण्यांच्या मधली शांतता होती. डफ शेकायला नेला होता. वारा नव्हता. आणि फाटक कुरकुरलं. भिंतीला टेकलेलं, एव्हाना जाईच्या वेलानं पुरतं वेढलेलं फाटक. आवाज अगदी ओळखीचा, सावकाश, कुणी हात टेकवल्यासारखा. बसलेल्या प्रत्येकानं तो ऐकला हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. वेलाचं ओझं वाढलं असेल, लाकूड उन्हानं तडकलं असेल. पार्बताबाई उठल्या, खांबांपर्यंत गेल्या, सडकेवर दोन्हीकडे पाहिलं. परत येऊन बसल्या.

"म्हन जानराव," त्या म्हणाल्या, "पुढचं म्हन."

चौसष्टच्या थंडीत शकुन माहेरीच होती. तिची मुलगी मैना नुकती चालायला लागली होती. हिवाळ्यात त्या सडकेवरून कापसाच्या गाड्या एकामागून एक जिनिंगला जातात, बैल उतारावर आवरत नाहीत. एका सकाळी चतुराबाई मैनाला काखेत घेऊन बागेत आल्या. पोरगी हसत होती. चतुराबाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"घ्या तुमची पाहुनी. गाडीच्या चाकासमोर बसून माती खाऊन राहिली होती."

शकुननं पोरीला छातीशी धरलं. मग आईकडे वळली. "माय, बाबाची वाट तू पाह्य. मी ना नाई म्हटलं कधी. पन आज फाटक लाव, नाई तं मी चालली सासरी, अकोल्याले."

चतुराबाई हळू आवाजात म्हणाल्या, "एका डाव म्या पाय आखडून वाट देली, पार्बता. आज पोरगी उचलली. तिसऱ्यांदा मी इथं असन, नसन."

पार्बताबाईंनी घरातून विळा आणला. सात वर्षांचा वेल त्यांनी एकटीनं कापला. कुणालाही हात लावू दिला नाही. आतून फाटक निघालं ते खालून कुजलेलं, वरून शाबूत. वरच्या फळीवर एक जागा तळव्याएवढी गुळगुळीत होती. त्या तिथे हात ठेवून किती तरी वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जानरावले बलाव. मले एकटीले पेलत नाई."

जानराव आणि वामनराव मास्तरांनी ते उचलून बिजागरीवर बसवलं. ते मोठ्यानं कुरकुरलं. मैना दचकून रडायला लागली.

पुढच्याच रविवारी फाटकउतरणी होती. वस्तीतलं प्रत्येक फाटक उतरलं, पार्बताबाईंचं सोडून. त्यांनी कडी मात्र लावली नाही. लोक आले, ढकलून आत आले. त्यामुळे त्या दुपारी प्रत्येक माणसागणिक फाटक वाजत होतं. ओवी मध्येच, गाणं मध्येच. आणि दर वेळी, न चुकता, पार्बताबाई मान वर करून बघत होत्या. कोण आलं ते बघायच्या, ओळखीचं हसायच्या, मान खाली घालायच्या. पुन्हा वाजायचं, पुन्हा मान वर. संध्याकाळपर्यंत ते चेहरे बघणं आम्हाला सहन होईना. त्या मात्र थकल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना सडकेकडे नजर लावून बसावं लागलं नव्हतं. कान पुरत होता.

दिवेलागणीला त्या फाटकाशी गेल्या. हात टेकवला. या वेळी खाली फळी होती.

दोन वर्षांनी, फाल्गुनात, दुपारी जेवून चटईवर आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. त्याआधी घरात विशेष काही झालं नव्हतं. फाटकाच्या कुरकुरीनं मैनाची झोप मोडते म्हणून शकुन वाटीत जवसाचं तेल आणि कापसाचा बोळा घेऊन अंगणात निघाली होती. पार्बताबाईंनी कुशीवर वळून तिला हाक मारली आणि म्हणाल्या, "बिजागरीले तेल नोको देऊ वं. वाजू दे त्याले."