अक्कांचं नाक आणि माझा कूलर

आमच्या थोरल्या नणंदेइतकं अपमान करणारं नाक सबंध खानदेशात दुसरं नाही. साक्रीहून आमच्याकडे आल्या की त्या उंबऱ्यातच थांबतात, दोनदा हुंगतात आणि पाणी पिण्याआधी घराचा निकाल लावतात. अक्कांना बुरशीची ॲलर्जी. भिंतीवर डाग उमटायच्या कितीतरी आधी त्यांना त्याचा वास येतो. मग शिंका, डोळ्यांना धारा, छातीत शिट्टी. म्हणून एसटीतही स्वतःची उशी मांडीवर घेऊन बसतात, आणि शेजारचा तिला टेकलाच तर त्याचं घर गळतं का, याची चौकशी करतात. पहूरच्या एका लग्नात तर त्यांनी मंगलाष्टकं थांबवून मांडववाल्याला सतरंज्या उन्हात टाकायला लावल्या. वऱ्हाडी अक्षता मुठीत धरून ताटकळले. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो, तेव्हा मुलाला एक प्रश्न नाही. थेट न्हाणीघराची भिंत चाचपून आल्या आणि म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे. पण आधी गिलावा, मग साखरपुडा." आणि गिलावा झाला हो!

मी तेव्हा चाळिशीची, जळगावात नवाकोरा कूलर घेतलेली, आणि त्या कूलरइतकाच नुसता आवाज करणारी. अक्का आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायच्या. बाहेर भट्टी पेटलेली, आणि यांचं एकच, "सुमन, हाऊ कूलर बंद कर. आठे बुरशी शे." सगळं घर घामाने निथळत पुरणपोळी-आमरस खायचं. मला ते शुद्ध नखरे वाटायचे. एका आखाजीला ठरवलं, हे सोंग उघडं पाडायचंच. कूलरच्या जाळीत मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत तसंच ठेवलं, वर वाळ्याचं अत्तर शिंपडलं आणि साळसूदपणे म्हटलं, "अक्का, नवं गवत घातलंय हो." नाक फसलं. अक्का कूलरसमोर आडव्या झाल्या. तासाभराने पाहते तर भिंत धरून बसलेल्या; घेतलेला श्वास बाहेर पडेना, ओठ निळसर झालेले.

दवाखान्यात जाताना रिक्षात मी रडत सगळं कबूल केलं. त्या धापा टाकत म्हणाल्या, "अत्तर... चांगलं शे."

डॉक्टरांनी वाफ दिली आणि मला सुनावलं, "ही बुरशी वाऱ्याबरोबर थेट छातीत जाते, बाई. पुढच्या वेळी इथवर पोचाल याची खात्री नाही." घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "अक्का, आता आखाजीला तू येऊ नको. मीच साक्रीला येत जाईन."  अक्का खाली मान घालून पिशवी भरू लागल्या. माझ्या दीडशहाणपणाने त्यांचं माहेर तुटत होतं.

मी म्हटलं, "येतील! घराचं मी बघते."

वर्षभर मी घराच्या हात धुऊन मागे लागले. जुनं गवत फेकलं, कूलरची टाकी खरवडून काढली, कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, गळका पाइप बदलला, गोधड्या दर आठवड्याला गच्चीवर. शेजारीण म्हणाली, "काय गं, घर विकायला काढलंय?"

"नाही. नणंद यायचीय."

पुढच्या आखाजीला अक्का आल्या. 'येऊ नको' म्हणणाऱ्या आमच्या ह्यांच्याशी भांडून आल्या होत्या. उंबऱ्यात थांबल्या, हुंगलं. मग आत आल्या, कूलरमागे वाकून पुन्हा हुंगलं. 

"लाव तुना कूलर," त्या म्हणाल्या.

आता अक्का सत्तरीपार आहेत. गवत अजून मीच बदलते, सुनेच्या हाती देत नाही. दुपारी त्या झोपल्या की मीही शेजारी डोळे मिटून पडते. झोपत मात्र नाही. त्यांचा श्वास आत जातो, तेवढ्यापुरता माझा थांबतो. त्यांचा बाहेर आला, की मग मी माझा सोडते.