नोट्स नसलेला विषय

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय निवडायची एकच रीत होती. ज्याच्या सीनियरच्या नोट्स मिळतील, तो घ्यायचा. झेरॉक्स हातात पडली की त्या विषयाची गोडी आपोआप लागायची. नगररचनेच्या नोट्स कोणाकडेच नव्हत्या, कारण तो विषय आजवर कोणी घेतलाच नव्हता. आणि नोट्स नाहीत म्हणून पुढेही कोणी घेत नव्हतं. सिव्हिल इंजिनियर व्हायला निघालेल्या हुशार मंडळींना यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

मला मात्र तोच विषय हवा होता. हिंगोली तेव्हा नुकतीच परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली होती. निवडीआधी प्रत्येक सर वर्गात येऊन आपापल्या विषयाची माहिती सांगत. नगररचनेचे सर निवृत्तीला आलेले होते. त्यांनी फळ्यावर हिंगोलीचं स्टेशन, एसटी डेपो आणि हळदीच्या घाऊक बाजाराचा मोंढा काढला. म्हणाले, "आता इथं कचेऱ्या येतील. खेड्यातली बाई कामासाठी एसटीतून उतरली, तर दिवसभर ती बसेल कुठं, जाईल कुठं? हे कोण ठरवणार?"

वर्ग हसला. मला आई आठवली.

आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या तांड्यावरून आई हिंगोलीला निघाली, की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. तांड्यावरच्या सगळ्याच बायका तसं करायच्या. बाजारात बायकांना आडोशाला जायची सोयच नव्हती. भर उन्हाळ्यातही संध्याकाळी घरी येऊन, चप्पल न काढता, आई तांब्या तोंडाला लावायची. मला तो उपवासासारखा काहीतरी नेम वाटायचा. गाव आखताना कोणीतरी आईचा विचार करायचा राहून गेलाय, आणि तो विचार करायचं एक शास्त्र असतं, हे मला त्या तासाला कळलं. इतकी वर्षं आम्ही तुळई किती वजन पेलते तेवढंच शिकत होतो.

पुरेसे विद्यार्थी मिळाले तरच विषय सुरू होणार होता. मी वर्गभर मिनतवाऱ्या केल्या. सगळ्यांच्या नोट्स मी काढीन, असंही कबूल केलं.

वसमतचा माझा एक वर्गमित्र म्हणाला, "काढ की. पुढच्या पोरायच्या कामी येतील. पण तू काहून एवढी तकलीफ करून घेऊन राहिली?"

विषय रद्द झाला. मला काँक्रीटच्या वर्गात बसवलं. व्हरांड्यात सर भेटले, म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." माझं हे शेवटचं वर्ष आहे, हे ते विसरले होते.

पुढे पुण्यात नोकरी लागली. मी इमारतींच्या खांबांची गणितं करते, आणि बरी करते. पण हिंगोलीला गेले की एसटीच्या खिडकीतून बघताना हात शिवशिवतात. इथं झाड हवं होतं, इथं बाक, तिथं बायकांची सोय. कचेऱ्या जिथं जागा सापडली तिथं उभ्या राहिल्या. मला हे गाव एकदा, फक्त कागदावर का होईना, आखायचं होतं. ती हळहळ अजून गेलेली नाही.

काही वर्षांनी त्याच कॉलेजात तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून गेले. नगररचना आता सक्तीची झाली होती. माझं काम दुपारी होतं, म्हणून परवानगी घेऊन त्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. शिकवणारे तरुण सर म्हणाले, "सार्वजनिक सोयींचं प्रकरण परीक्षेला येत नाही, सोडून देऊ." वर्गाने आनंदाने पानं उलटली.

बाकावरच्या पुस्तकातलं ते उलटलं जाणारं पान मी वाकून बघू लागले. शेजारच्या मुलीच्या ते लक्षात आलं असावं. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तुमी हा विषय शिकवता का?"

"नाही गं," मी म्हटलं, "मला शिकायचा होता."

तिनं सोडून दिलेलं प्रकरण पुन्हा उघडलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.