दहाला दहा मिनिटं

जळगाव-धुळे एसटीत ती बाई मागच्या बाकावर एकटीच बसली होती. शेजारी टेकणाऱ्या गरोदर मुलीला तिने हातानेच लांब केलं. "या वयात विटाळ?" पुढची म्हातारी पुटपुटली.

बाईने पदर सरकवून गळ्यावरचा व्रण दाखवला. कॅन्सरची गाठ काढून, उरलंसुरलं मारायला मुंबईत तिला किरणांचं औषध पाजलं होतं. ते किरण अंगातून बाहेर पडतात, म्हणून लेकरं आणि गरोदर बाया यांच्यापासून दहा दिवस दूर राहायचं होतं. ते तिने जळगावला भावाकडे काढले. दवाखान्यातून सकाळी दहाला सोडलं, म्हणून आज मुदत संपायचा तासही तिने दहाचाच धरला होता. आता दरसाल तपासणी, पण फोटोत गाठीचा मागमूस नाही, "बठ्ठं साफ शे."

सांगताना तिची नजर म्हातारीच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळावर होती. गावी तिचा नातूही एवढाच होता. दर थांब्यावर ती म्हातारीच्या पलीकडे बसलेल्या मला विचारायची, "भाऊ, कितला वाजनात?"

पारोळ्याला मी म्हणालो, "दहा." तिने बाळाकडे हात पसरले. तेवढ्यात मला आठवलं, माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. सांगितल्यावर ती हसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. "इतला दिन काढात, दहा मिनिटनं काय?"

मग सगळी बस माझ्या मनगटाकडे बघत राहिली. वेळ झाली हे मला सांगावंच लागलं नाही. म्हातारी उठली, बाळ बाईच्या मांडीवर ठेवलं आणि तिला खेटून बसली.