तापात कोणी बोलावलं?

वाशीमकडच्या कॉलेजबंधूंनो, टर्म भरेल की नाही ही धास्ती आपल्या सगळ्यांच्याच मानेवर बसलेली आहे. आज सकाळी मी आसेगावला गणपतच्या घरी जाऊन आलो. आल्याबरोबर हे पत्र लिहून तुमच्यात फिरवतो आहे.

आपला गणपत सुटीआधी वारला. हजेरी तीन दिवसांनी कमी भरत होती, म्हणून तो तापातही वर्गात येत राहिला. त्याला धरून नेणारा मीच होतो.

त्याच्या वडिलांनी पाणी दिलं आणि विचारलं, “भाऊ, त्याची हजेरी भरली नं?”

“भरली, काका.”

“मंग त्याचं नाव इद्यापीठात गेलं असन.”

मी समजावलं, विद्यापीठ परीक्षा घेतं. रोजची हजेरी कॉलेज मोजतं.

“परीक्षा तं लांब होती. मंग त्याले तापात कोनं बोलावलं?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवून उठलो. परतताना साऱ्या वाटेवर त्याचं तापलेलं अंग माझ्या खांद्यावर होतं.

सोमवारी कॉलेज उघडेल. आजाऱ्याला हजेरीची सूट लेखी मिळेपर्यंत कोणीही आपल्या नावाला ‘हजर’ म्हणू नका.