तुपाची धार

गोजरबाईला लिहिता येत नव्हतं. तिला कुणी कवी म्हटलं असतं, तर तिनं हातातला शेणाचा गोळा त्याच्या तोंडावर मारला असता. पण पाथर्डीच्या अंगाला चार गावांत जात्यावर बसलेल्या बाईची ओवी अडली, की शेजारीण म्हणायची, गोजरीची घे. त्यातही जेवणाखाण्याच्या ओव्या म्हणजे तिच्याच. हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, गुळवणी, सगळं तिनं ओवीत घालून ठेवलेलं. घरात नसायचं ते ओवीत असायचं, खोटं कशाला बोला!

तिचं माहेर बेलापूरचं, श्रीरामपूरजवळ, पाटाच्या पाण्याचा मुलूख. तिथली पोर बापानं कोरड्या मुलखात दिली, कारण सासरच्यांनी काही मागितलं नव्हतं. माहेराहून तिनं एकच गोष्ट आणली, ती म्हणजे एका पोळ्याच्या सणाची आठवण. सगळं घर जेवायला बसलेलं, तुपाचं भांडं फिरत फिरत सात वर्षांच्या गोजरीपर्यंत आलं तेव्हा रिकामं झालेलं. तेव्हा थोरल्या भावानं, आसारामानं, आपल्या वाटीतलं तूप तिच्या पुरणपोळीवर धरलं होतं. आई बघत होती, बाप हसत होता. बस, एवढंच आणि आयुष्यात एकदाच. त्या एका धारेवर या बाईनं चाळीस-पन्नास ओव्या रचल्या. त्यातली सगळ्यात लाडकी ही:

बेलापूर गावी बाई, लिंबाखाली मोठं दार,
आसाराम माझा बंधू, वाढी तुपाची गं धार.

ओवीत भावाचं नुसतं नाव घेऊन भागत नाही. गाव सांगावं लागतं, दाराची खूण सांगावी लागते, नाहीतर भाऊ उसना आणल्यासारखा वाटतो. बायकांची ही रीतच आहे.

बहात्तर साली पावसानं तोंड दाखवलं नाही. नवरा सहादेव बैलं घेऊन गुरांच्या छावणीवर गेला, आणि गोजरबाई लेकीला घेऊन पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. लेक तेरा वर्षांची. तिच्या आधीची दोन गेली, म्हणून हिचं नाव कडू ठेवलेलं, की कडवट लागून तरी मरणानं थुंकून टाकावी. दुपारी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, नाहीतर सरकारनं वाटलेली ओंजळभर सुकडी. मिलोचा घास घशाखाली उतरायचा नाही. मग झुंबरबाई म्हणून एक शेजारीण होती, ती म्हणायची, गोजरे, तुझ्या भावाचं तूप वाढ की. गोजरबाई ओवी म्हणायची, हातोड्या थांबायच्या, आणि पंचवीस-तीस बाया डोळे मिटून कोरडा तुकडा गिळायच्या. गोजरबाईला त्याचा फार अभिमान वाटायचा. सगळ्या कामाला आपण जेवू घालतो, असं तिला वाटायचं. कडूलाही सगळ्या ओव्या पाठ, आईपेक्षा तिचा गळा गोड.

माघात कडूच्या पायांवर सूज आली. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. अशा सुजेची दोन पोरं त्याच कामावर गेली होती. झुंबरबाईनं सरळ सांगितलं, एवढा तूप वाढणारा भाऊ हाय तर पोर हितं कशाला मारतीस? गोजरबाईलाही ते पटलं. पाऊस पडेपर्यंत पोर मामाकडं राहिली तर वाचेल, एवढंच तिला हवं होतं. एसटीनं दोघी श्रीरामपूरला उतरल्या आणि तिथून बेलापूरपर्यंत पायी गेल्या.

लिंबाखालचं दार दिवसाढवळ्या लावलेलं होतं. गोजरबाईनं कडी वाजवली, तशी आतून भावजय केशरबाई ओरडली, की पुढं जा, हितं कायबी मिळत न्हाई. आपलं नाव सांगितल्यावरच दार उघडलं. आणि बाहेर आसाराम आला, तो पाण्याचा तांब्या न घेताच.

झालं होतं असं. काम मध्यंतरी पंधरा दिवस बंद पडलं, तेव्हा त्या पंचवीस-तिसातल्या काही बाया पोटासाठी पाटाच्या मुलखात गेल्या, त्या परत कामावर आल्याच नाहीत. त्यांना तिथलं एकच नाव, एकच गाव आणि एकच दार माहीत होतं. पहिल्या दोघी आल्या तेव्हा आसारामाला बरं वाटलं, त्यानं त्यांना पोटभर वाढलं. मग सात आल्या, मग त्यांनी सांगितलेल्या आणखी अकरा. एक म्हातारी तर दोन दिवस लिंबाखाली बसून दाराकडं तोंड करून तीच ओवी म्हणत होती. गाव हसून बेजार. आसाराम रस्त्यानं निघाला की पोरं मागून ओरडायची, धार वाढा, धार! आणि यंदा पाटालाच पाणी नव्हतं, त्याच्या कणगीचाही तळ दिसू लागला होता. हे सगळं त्यानं बहिणीला उंबऱ्यात उभं करून ऐकवलं.

"दादा, मी वंगाळ काय म्हनलं?" गोजरबाई म्हणाली. "तू वाढलं हुतंस, तेच म्हनलं."

"आईनं पाठीत गुद्दा घातला, म्हणून वाढलं ते तूप," आसाराम म्हणाला. "रातभर रडलो हुतो मी त्या तुपापायी."

एवढ्या ओव्या जिच्यावर उभ्या, ती धार गुद्द्याची निघाली! दुसरी कुणी असती तर तिथूनच फिरली असती. पण गोजरबाईनं लिंबाखाली बसवलेल्या पोरीला बोलावलं, तिचे पाय पुढं केले, बोटानं खड्डा पाडून दाखवला. आसारामानं पोरीला मागच्या दारी हातपाय धुवायला धाडलं, मग म्हणाला, पोर राहू दे. पण आजपासून त्याचं नाव ओवीत आलं, तर पोर परत येईल. गोजरबाईनं लिंबाच्या बुंध्याला हात लावून शपथ घेतली. त्या दिवशी केशरबाईनं दोघींना गोठ्याच्या ओसरीवर वाढलं, घरातल्यांच्या पंगतीला नाही. भाकरी मिलोचीच होती.

कामावर आल्यावर बाया भोवती जमल्या, भावानं काय वाढलं म्हणून. गोजरबाई म्हणाली, घसा बसलाय. ओवीशिवायच सगळ्यांनी सुकडी खाल्ली. तिनं स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं, पण शहाण्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. पोर तेव्हा मागच्या दारी हातपाय धूत होती, शपथ तिनं ऐकली नव्हती, आणि निघताना तिला बजावायचं राहून गेलं.

नवव्या दिवशी चाऱ्याचा ट्रक छावणीकडं चालला होता, त्यातून कडू उतरली. पायांची सूज निम्मी ओसरलेली, गालांवर जरा रंग आलेला. आईला बघून पळत आली आणि कौतुकानं सांगू लागली, की मामीनं दळायला बसवलं, मग कडूनं आयची वोवी म्हनली, मामाची, लई मोठ्यानं, सगळी आळी गोळा झाली, लोकं हसत हुती. मग मामानं ट्रकात बसवलं. बरोबर शिदोरी दिली नव्हती.

गोजरबाईनं पोरीच्या थोबाडीत मारली. एक नाही, मोजून चार. चूक आईची आणि गाल लेकीचा, पण भुकेल्या घरात न्याय असाच होतो. सगळ्या बाया बघत होत्या. कडू रडली नाही, आपण काय केलं तेच तिला कळेना. सूज आठ दिवसांत परत चढली. पोर जगली ती नावामुळं म्हणायची, दुसरं कारण नव्हतं. पण एक पाय कायमचा अधू झाला, आणि जात्यावर ती पुन्हा कधी गायली नाही. गोजरबाईनंही त्यानंतर एकही ओवी रचली नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. पाय अधू म्हणून आलेलं पहिलंच स्थळ धरलं, आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कडूचं लग्न निघालं. मामाशिवाय लग्न कसं लागायचं? आसाराम आला, नवा फेटा बांधून, भाचीला लुगडं घेऊन आणि बरोबर तुपाचा डबा. जात्याला हळदकुंकू लावून सवाष्णी हळद दळायला बसल्या, शकुनाला नवरीचाही हात खुंट्याला लावला. पहिली ओवी कुळदेवाची झाली, दुसरी मामाची. झुंबरबाईनं नेमकी तीच काढली, बेलापूर गावी बाई. आसाराम ओसरीवर बसून ऐकत होता. आता भुकेलं कुणी दारात येणार नव्हतं, त्यामुळं त्याला ती गोड लागली. चार पाहुण्यांकडं बघत त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"पुढची भाचीला म्हनू द्या," तो म्हणाला. "लई गोड गळा हाय. आमच्या घरी म्हनली हुती की."

सगळ्या बाया कडूकडं बघू लागल्या. हळदीनं माखलेला हात तिनं खुंट्यावरून काढून घेतला.

"मामाचं नाव घेतलं की आय मारती," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. घरातली एखादी रीत सांगावी तसं तिनं सांगितलं. आसारामाचा हात मिशीवरच राहिला. गोजरबाई चुलीपाशी उभी होती, पंगतीसाठी तिनं नुकतंच तुपाचं भांडं उचललं होतं. ते तिनं खाली ठेवलं. मग झुंबरबाईनं तिसरी ओवी गणपतीची काढली, आणि हळद दळून झाली.